रंगस्थळाचे तोंड कोणाकडे?

कुरुंदा हे हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील एक गाव. मराठी वाचकांपैकी फार थोड्यांनी ते पाहिले असेल. तरी त्याचे नाव बहुतेकांच्या परिचयाचे असते, कारण ते एका आडनावात वस्तीला आले आहे. नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) यांचे घराणे या गावचे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन करीत आणि पुढे तेथील प्राचार्यपद सांभाळीत त्यांनी इतिहास, राजकारण, धर्मचिकित्सा व साहित्यसमीक्षा अशा अनेक क्षेत्रांत मौलिक लेखन केले. भरताचे 'नाट्यशास्त्र' हा त्यांच्या चिंतनाचा एक मोठा विषय होता. 'रंगशाळा' हे पुस्तक त्याच व्यासंगाचे फळ होय. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच त्यांची प्राणज्योत मालवली.

ज्या मुलखात नाटकाचा अनुभव म्हणजे पारावरचे सोंग, सभामंडपातले कीर्तन, रात्रभर चालणारा गोंधळ आणि जत्रेतला तमाशा, त्या मुलखातून आलेल्या अभ्यासकाला 'नाट्यशास्त्रा'सारखा प्राचीन संस्कृत ग्रंथ इतका जवळचा का वाटावा? या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यांनी कुरुंदकरांचे लेखन वाचून स्वतः शोधावे. त्याच्याच कडेने जाणारा दुसरा प्रश्न या लेखात मांडावयाचा आहे. ज्या जागी पूर्वी खेळ होत असे आणि आता होत नाही, अशा जुन्या रंगस्थळांचे काय करावे? कुंपण घालून त्यांचे अवशेष जपावेत, की तेथे पुन्हा खेळ मांडावा?

माझे मत आरंभीच सांगतो. खेळ मांडावा. मात्र ते रंगस्थळ ज्या लोकांच्या वस्तीत उभे आहे, त्यांच्याकडे तोंड करून मांडावा. या मतापर्यंत मी कसा आलो, हे सांगण्यासाठी आधी थोडे दूर, रोमन साम्राज्यापर्यंत जावे लागेल आणि तेथून पुन्हा हिंगोली जिल्ह्यात परतावे लागेल.

दगडातले नाट्यगृह आणि ग्रंथातले नाट्यगृह

रोमन साम्राज्य मराठवाड्याला अगदीच परके नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन व्यापारी नगरांचा उल्लेख आहे. तेथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई आणि पुढे समुद्रमार्गाने पश्चिमेकडे रवाना होई. या व्यापाराच्या दुसऱ्या टोकाला जी शहरे होती, त्यांच्यातील एक ठळक वास्तू म्हणजे नाट्यगृह.

येथे दोन शब्दांतील भेद लक्षात घ्यावा. रोमन नाट्यगृह अर्धवर्तुळाकार असे. समोर रंगमंच, त्याच्या मागे स्तंभांनी सजवलेली उंच भिंत आणि प्रेक्षकांसाठी चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, अशी त्याची रचना होती. चहूबाजूंनी पायऱ्या आणि मध्ये मैदान अशी वास्तू ती निराळी. तिला अँफिथिएटर म्हणत. रोमचे कलोसियम हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण असून तेथे नाटके होत नसत, तर शस्त्रधारी मल्लांच्या झुंजी होत. ग्रीकांनी आपली नाट्यगृहे डोंगरउतारावर कोरली. रोमनांनी कमानी उभारून सपाट भूमीवरही ती बांधली.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील विट्रुव्हियस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने नाट्यगृहाविषयी लिहिताना आवाजाचा विचार केला आहे. पाण्यात खडा टाकल्यावर जशी वलये उठतात तसा आवाज पसरतो आणि त्याला अडथळा येणार नाही अशा बेताने पायऱ्या रचाव्यात, असे तो सांगतो. आपल्याकडे भरताच्या 'नाट्यशास्त्रा'चा दुसरा अध्याय नाट्यगृहाच्या रचनेलाच वाहिलेला आहे. विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे नाट्यगृहाचे तीन आकार आणि ज्येष्ठ, मध्यम व कनिष्ठ अशी तीन मापे त्यात सांगितली आहेत. मनुष्यांसाठी भरत मध्यम मापाची शिफारस करतो: लांबी ६४ हात, रुंदी ३२ हात. नाट्यगृह याहून मोठे झाले तर नटाचा शब्द नीट ऐकू येणार नाही आणि त्याच्या मुखावरील भाव दिसणार नाहीत, असे कारणही तो देतो. नाट्यगृह पर्वतातील गुहेसारखे असावे, वारा खेळता नसावा, म्हणजे आवाजाला गांभीर्य येईल, हेही त्याचे म्हणणे आहे. एकमेकांना न ओळखणारे हे दोन शास्त्रकार एकाच गोष्टीची काळजी वाहत होते. शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचला पाहिजे, ही ती काळजी.

या दोन परंपरांत आणखी एक साम्य आहे आणि ते अवघड जागेचे आहे. शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचावा असे दोघांना वाटत होते. पण तो शेवटचा माणूस कोठे बसेल, हे समाजाने आधीच ठरवून टाकले होते. सम्राट ऑगस्टसच्या काळात नाट्यगृहातील आसने दर्जानुसार कायद्याने नेमून दिली गेली. सर्वांत पुढे सिनेटचे सभासद आणि स्त्रिया मागे, अगदी वरच्या पायऱ्यांवर. 'नाट्यशास्त्रा'च्या पहिल्या अध्यायात नाट्य हा सर्व वर्णांसाठी निर्माण केलेला पाचवा वेद आहे, असे सांगितले आहे. दुसऱ्या अध्यायात मात्र नाट्यगृहाचे खांब रोवताना ब्राह्मणस्तंभ, क्षत्रियस्तंभ, वैश्यस्तंभ आणि शूद्रस्तंभ असे भेद येतात. कला सर्वांसाठी असते आणि तिची वास्तू समाजाची उतरंड बरोबर घेऊन उभी राहते. जुन्या रंगस्थळांच्या पुनर्वापराचा विचार करताना ही विसंगती डोळ्यांआड करून चालत नाही.

भारतात रोमन घडणीच्या जवळ जाणारे प्राचीन प्रेक्षागार क्वचितच सापडते. आंध्र प्रदेशातील नागार्जुनकोंडा येथे इक्ष्वाकू काळातील, साधारणपणे तिसऱ्या शतकातील, चहूबाजूंनी पायऱ्या असलेले एक आयताकृती प्रेक्षागार उत्खननात मिळाले. नागार्जुनसागर धरणाच्या जलाशयात तो परिसर बुडणार म्हणून ते अनुपू येथे पुन्हा रचण्यात आले. छत्तीसगडमधील रामगढ टेकडीवरची सीताबेंगा गुंफा हे नाट्यगृह होते, असे टी. ब्लॉख या अभ्यासकाने १९०४ च्या सुमारास मांडले. सर्वांनी ते मान्य केलेले नाही. भरताने वर्णिलेली नाट्यगृहे लाकूड, विटा आणि मातीची असावीत. ती काळाच्या ओघात गेली. त्यांचे वर्णन तेवढे ग्रंथात उरले.

ओस पडलेल्या पायऱ्या पुन्हा भरल्या

दगडाची रोमन नाट्यगृहे टिकली खरी. पण नाट्यगृह म्हणून नव्हे. दक्षिण फ्रान्समधील ओरांज येथील नाट्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आरंभीचे आहे. त्याची १०३ मीटर लांबीची आणि सुमारे ३७ मीटर उंचीची मागची भिंत आजही उभी आहे. साम्राज्य कोसळल्यावर लोकांनी तिच्या आश्रयाने आत घरे बांधली आणि कित्येक पिढ्या तेथे संसार केले. १९ व्या शतकात ती घरे हटवण्यात आली, पायऱ्यांची डागडुजी झाली आणि १८६९ मध्ये तेथे पुन्हा गायन-नाट्याचा उत्सव भरला. तो उत्सव आजही भरतो.

स्पेनमधील मेरिदा येथील कथा अधिक बोलकी आहे. हे नाट्यगृह इ. स. पूर्व १६-१५ च्या सुमारास अग्रिप्पा याच्या पुढाकाराने उभे राहिले. पुढे ते मातीखाली गेले आणि वरच्या पायऱ्यांचे सात तुकडे तेवढे जमिनीबाहेर डोकावत राहिले. गावकऱ्यांनी त्यांना 'सात खुर्च्या' असे नाव दिले आणि सात मूर राजे तेथे बसून शहराच्या भवितव्याचा निवाडा करीत, अशी दंतकथाही रचली. खाली एक संपूर्ण नाट्यगृह निजले आहे याची कल्पना नसतानाही लोकांनी त्या दगडांना 'बसण्याची जागा' म्हणून ओळखले होते! १९१० मध्ये उत्खननाला आरंभ झाला. १९३३ मध्ये त्या रंगमंचावर सेनेकाचे 'मीडिया' हे नाटक झाले. सेनेका हा लॅटिनमध्ये लिहिणारा रोमन नाटककार, पण त्याचा जन्म स्पेनमधल्याच कोर्दोबाचा. प्रयोगासाठी मिगेल दे उनामुनो या थोर स्पॅनिश लेखकाने त्याचे भाषांतर केले आणि मार्गारिता शिर्गू या अभिनेत्रीने प्रमुख भूमिका केली. जवळजवळ दोन हजार वर्षांनी ते रंगस्थळ पुन्हा बोलू लागले, तेव्हा ते लॅटिन बोलले नाही. समोर बसलेल्या लोकांची भाषा बोलले. भाषेच्या विद्यार्थ्यांनी हा तपशील विशेषत्वाने ध्यानात ठेवावा.

पुनर्वापराची दुसरी बाजूही आहे. सीरियातील पाल्मायराच्या रोमन नाट्यगृहात २०१५ मध्ये दहशतवाद्यांनी बंदिवानांना प्रेक्षकांसमक्ष ठार मारले. शहर परत घेतल्यावर मे २०१६ मध्ये त्याच रंगमंचावर रशियन वाद्यवृंदाची मैफल झाली आणि तिचे चित्रण जगभर दाखवले गेले. जानेवारी २०१७ मध्ये, शहर पुन्हा दहशतवाद्यांच्या हाती गेले असताना, रंगमंचाच्या दर्शनी भागाचा विध्वंस झाला. वध आणि मैफल यांना एका तागडीत तोलण्याचा हेतू नाही. त्यांत माणुसकीचेच अंतर आहे. तरीही दोन्ही प्रसंगी प्राचीन रंगमंचाचा उपयोग 'आता येथे सत्ता कोणाची' हे जगाला दाखवण्यासाठी झाला, आणि ज्यांचे ते शहर, ते लोक त्या पायऱ्यांवर फारसे नव्हते. जुन्या वास्तूत केवळ कार्यक्रम झाला म्हणजे ती जिवंत झाली, असे मानता येत नाही, ते यामुळे.

कोल्हापूरने रोमकडून काय घेतले

सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी १९०२ मध्ये राजर्षी शाहू महाराज विलायतेला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी रोमही पाहिले. तेथील प्राचीन क्रीडागाराच्या धर्तीवर आपल्या प्रजेसाठी कुस्तीचे मैदान असावे, ही कल्पना त्यांच्या मनात रुजली, असे कोल्हापूरकर अभिमानाने सांगतात. १९१२ मध्ये पूर्ण झालेले खासबाग मैदान ही त्या कल्पनेची निष्पत्ती. मध्ये खोलगट हौदा आणि भोवती चढत गेलेली प्रेक्षकांची जागा. कोठेही बसले तरी आखाडा दिसतो. त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले.

शाहू महाराजांनी रोमकडून आकार घेतला. तेथील आसनांची उतरंड त्यांना नको होती, असे मी म्हणतो, तेव्हा एका तारखेकडे बोट दाखवतो. याच दौऱ्याच्या काळात, २६ जुलै १९०२ रोजी, कोल्हापूर संस्थानातील निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा त्यांचा जाहीरनामा निघाला. दरबारात कोणी बसावे याचा विचार करणारा राजा मैदानात कोणी बसावे याचाही विचार करीत होता. परकीय वास्तूचे अनुकरण आणि तिचे आत्मसातीकरण यांतला फरक समजून घ्यायला खासबागेइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी रंगकर्मींबरोबर सामान्य कोल्हापूरकरही त्या जागी जमले आणि डोळे पुसत उभे राहिले. नाट्यगृह पुन्हा उभारण्याची मागणी लगेच झाली. एखादी वास्तू केवळ 'वारसा' असती, तर लोकांनी हळहळ व्यक्त करून विषय सोडला असता. ती वापरात होती, म्हणून ती लोकांच्या घरातली वाटली. सतत झालेला वापर आणि त्यातून निर्माण झालेला जिव्हाळा हे वास्तूचे कुंपणाइतकेच महत्त्वाचे संरक्षण आहे.

आपली रंगस्थळे कोठे आहेत?

आता मराठवाड्याकडे वळू. येथे अर्धवर्तुळाकार दगडी नाट्यगृह नाही. म्हणून प्राचीन रंगपरंपराच नाही, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रियांचे सुंदर शिल्प आहे. देवळांच्या रंगमंडपांना 'रंग' हा शब्द उगाच चिकटलेला नाही. नवरात्रादी उत्सवांच्या अखेरीस देवळात होणारे लळित आणि वारकऱ्यांचे भारूड हे मराठी नाटकाचे पूर्वज मानले जातात. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांचे 'सीतास्वयंवर' झाले ते राजाश्रयाने; तिकीट काढून बंदिस्त थिएटरात बसणे नंतर आले. आपले नाट्य शेकडो वर्षे देवळाच्या ओवरीत, गढीच्या चौकात आणि पारावर नांदले. आपली 'प्राचीन नाट्यगृहे' तीच.

मग त्यांचा पुनर्वापर कसा होतो? वेरूळच्या कैलास लेण्याच्या पार्श्वभूमीवर पूर्वी नृत्य-संगीताचा महोत्सव भरत असे. पुढे तो औरंगाबादेतील सोनेरी महालाच्या प्रांगणात भरू लागला. अशा महोत्सवांनी थोर कलावंतांची कला मराठवाड्यात आणली, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. पण तेथे लेणे बहुधा मागचा पडदा असते. त्यावर प्रकाशझोत टाकले जातात, कलावंत त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो, आणि आसपासच्या गावांतला गोंधळी, भारूडकार किंवा शाहीर निमंत्रितांत क्वचितच दिसतो. वास्तू आणि तिचा भोवताल यांचा संबंध अशाने जुळत नाही.

जतनाचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणेही येथे प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. मोठ्या ध्वनिवर्धकांची कंपने, तापलेले दिवे, मांडवासाठी ठोकलेल्या खुंट्या आणि हजारो पावले यांनी जुन्या दगडाची हानी होते. एकदा निखळलेले शिल्प परत येत नाही. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा आणि त्याखालील १९५९ चे नियम यांनुसार संरक्षित स्मारकात सभा, समारंभ वा करमणुकीचा कार्यक्रम करायचा झाल्यास लेखी परवानगी लागते. रूढ धार्मिक उपयोगाला मात्र हे बंधन नाही. हे नियम जाचक नसून आवश्यक आहेत. माझा मतभेद एवढाच आहे की, हानीचे कारण 'वापर' हे नसून 'मापाबाहेरचा वापर' हे आहे. भरताने ६४ हातांची मर्यादा घातली ती दगड वाचवण्यासाठी नव्हे, शब्द आणि चेहरा वाचवण्यासाठी. तीच मर्यादा पाळली तर दगडही वाचेल.

देऊळ फिरले, त्याचा अर्थ

या साऱ्या चर्चेचा निकाल लावणारी एक कथा हिंगोली जिल्ह्यात सातशे वर्षांपासून सांगितली जाते. औंढा नागनाथाच्या देवळासमोर संत नामदेव कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना तेथून उठवले आणि देवळाच्या मागे जाण्यास सांगितले. नामदेव मागे गेले, कीर्तन पुढे चालू राहिले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. देवळातून उठवले जाण्याचा आणि देऊळ फिरण्याचा हा प्रसंग शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या नामदेवांच्या पदांतही येतो. कर्नाटकात उडुपीच्या कनकदासांविषयी याच वळणाची कथा आहे. तेथे देवळाऐवजी मूर्ती फिरते.

भाविक ही कथा चमत्कार म्हणून ऐकतात; त्यांच्या श्रद्धेला धक्का लावण्याचे कारण नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने मात्र तिचा आणखी एक अर्थ वाचावा. नामदेव हे मराठीतील आद्य कीर्तनकार मानले जातात. कीर्तन हा प्रयोग आहे. त्यात गायन, निरूपण, अभिनय आणि प्रेक्षकांशी थेट संवाद हे सारे आहे. म्हणजे या कथेत एक प्राचीन वास्तू आहे, तिच्या पुढ्यात होणारा प्रयोग आहे आणि 'हा प्रयोग येथे करण्याचा अधिकार कोणाला' हा वाद आहे. ऑगस्टसने कायद्याने आसने नेमून दिली तेव्हा रोममध्ये हाच प्रश्न सोडवला जात होता. लोककथेने त्याचे जे उत्तर दिले, ते कोणत्याही वास्तुशास्त्रज्ञाला सुचले नसते: वास्तूचा दर्शनी भाग तिच्या बांधणाऱ्याने एकदा ठरवला म्हणून कायमचा ठरत नाही, ज्यांना मागे ढकलले, त्यांच्याकडे तिला वळता आले पाहिजे.

मला हे मराठी लोकमानसाचे रंगशास्त्र वाटते. ते कोणत्याही ग्रंथाच्या अध्यायात नाही, पण ते आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच भाषेत घडले आहे.

तीन अटी

या विवेचनातून जुन्या रंगस्थळांच्या पुनर्वापरासाठी तीन अटी निघतात, असे मला वाटते.

पहिली अट मापाची. प्रयोगाने वास्तूच्या मापात बसावे. प्रयोगासाठी वास्तू ताणू नये. जेथे उघड्या आवाजाने शब्द पोचतो, तेथे ध्वनिवर्धकांच्या भिंती उभारण्याचे कारण नाही. खिळा ठोकायचा नाही, रंग फासायचा नाही, आणि शंभर माणसांच्या जागेत हजार माणसे कोंबायची नाहीत. वास्तूचे मूळ प्रयोजनही विसरू नये. मराठवाड्यात वालूर, चारठाणा अशा ठिकाणी सुंदर पायऱ्यांच्या बारवा आहेत. पायऱ्या दिसल्या म्हणून कोणाला त्यांत प्रेक्षागार दिसू लागेल. पण बारव ही पाण्याची जागा आहे. अलीकडे स्वयंसेवक महाशिवरात्रीला बारवांमध्ये पणत्या लावतात, तेवढा सौम्य उत्सव तिला शोभतो.

दुसरी अट भाषेची. मेरिदाच्या रंगमंचावर सेनेका स्पॅनिश बोलला. आपल्या देवळांच्या प्रांगणात जे सादर व्हावे, ते परिसरातील माणसाला अनुवादकाशिवाय कळले पाहिजे. अभिजात कलेला यात विरोध नाही; तिची ओळख करून देणारे चार शब्द मराठीत, शक्य तर तेथल्या बोलीत, असावेत एवढाच आग्रह आहे.

तिसरी अट अधिकाराची. परिसरातील कलावंताला पहिला मान हवा आणि परिसरातील प्रेक्षकाला पुढची जागा. पुढच्या दहा रांगा निमंत्रितांच्या आणि गावकरी दोरीपलीकडे, असे दृश्य आपण अनेकदा पाहतो. त्या दोरीत आणि रोमन कायद्यात फारसा फरक नाही. स्त्रियांची जागा, एकेकाळी गावकुसाबाहेर ठेवलेल्या वस्तीतल्या माणसांची जागा, हे प्रश्न जुने झाले असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पोतराज, वासुदेव, गोंधळी आणि तमासगीर यांच्या कलेवर गावाने पिढ्यान्‌पिढ्या रंजन करून घेतले आणि त्यांना मंडपाच्या कडेला बसवले. जुने रंगस्थळ पुन्हा उघडताना ही चूकही पुन्हा उघडायची काय?

या अटी अवघड आहेत, हे मान्य. गावच्या उत्सवाला गर्दी हवी असते, देणगीदाराला फलक हवा असतो, तरुणांना कर्कश वाद्ये हवी असतात. पण यांतली एकही अट पैशावाचून अडणारी नाही. उलट त्या पाळल्या तर खर्च कमीच होतो.

पुन्हा कुरुंद्याकडे

दूरशिक्षणाने मराठीची पदवी घेणारे आपण विद्यार्थी बहुतेक प्रौढ आहात. कोणी शेती सांभाळून, कोणी नोकरी करून, कोणी घरातली कामे आवरून रात्री हे पुस्तक उघडता. 'रंगभूमी' हा घटक वाचताना आपल्याला सांगली, मुंबई, पुणे दिसते. आपले गाव दिसत नाही. अभ्यासक्रमात आपले स्थान मागच्या रांगेत आहे, असे वाटण्याचा संभव असतो. म्हणूनच हा लेख कुरुंद्यापासून सुरू केला. त्या गावचे नाव लावणाऱ्या एका माणसाने भरताचा ग्रंथ उघडला तेव्हा तो आपल्याला परका आहे, असे त्याने मानले नाही. शास्त्र संस्कृतातले असो की लॅटिनमधले, ते आपल्याकडे तोंड करून वाचण्याचा अधिकार त्याने स्वतःच घेतला.

आपल्या गावातही एखादा पार असेल, पडकी गढी असेल, ओवऱ्या असलेले देऊळ असेल. तेथे पूर्वी काय होत असे, कोण गात असे, कोण कोठे बसत असे, हे गावातील वृद्धांना विचारावे आणि लिहून ठेवावे. त्या माणसांच्या मागे ती माहिती राहणार नाही. नंतर एखाद्या संध्याकाळी, लागेल ती परवानगी घेऊन, त्या जागी एक भारूड किंवा एक छोटे नाट्यवाचन करावे. माणसे पन्नास जमली तरी पुरेत. फक्त उभे राहण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहावे. देवळाच्या मागे कोणी उभे असेल, तर आपणच फिरून त्यांच्याकडे तोंड करावे.

स्वाध्याय

१. रोमन नाट्यगृह आणि 'नाट्यशास्त्रा'तील नाट्यगृह यांतील साम्य-भेद आपल्या शब्दांत लिहा.
२. 'हानीचे कारण वापर हे नसून मापाबाहेरचा वापर हे आहे' या लेखकाच्या मताशी आपण सहमत आहात का? सकारण स्पष्ट करा.
३. औंढा नागनाथाच्या कथेचा लेखकाने लावलेला अर्थ सांगून त्यावर आपला अभिप्राय नोंदवा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या रंगस्थळाची माहिती गावातील ज्येष्ठांकडून मिळवा आणि तिच्या आधारे सुमारे ३०० शब्दांचे टिपण तयार करा.